डब्याआधी किट घ्या: बोटीच्या इंजिनासाठी निट्राइट-बोरेट रसायनाचं परीक्षण

रोकॉर एनबी लिक्विड हे जहाजांना रसायनं पुरवणाऱ्या विल्हेम्सन कंपनीच्या युनिटर मालिकेतलं, इंजिनाच्या पाण्यात मिसळायचं गंजरोधक निट्राइट-बोरेट द्रव. मोठ्या जहाजांवर जॅकेट वॉटरमध्ये म्हणजे इंजिनाभोवती फिरणाऱ्या बंद गोड्या पाण्यात अशी रसायनं वर्षानुवर्षं वापरली जातात. आता मासेमारीच्या यांत्रिक बोटींचे मालकही त्याची चौकशी करतात, कारण वेट लायनरची (सिलिंडरची आतली नळी बाहेरून थेट पाण्यात असलेली) इंजिनं महाग झाली आहेत आणि बाहेरून भोकं पडलेले लायनर प्रत्येक वर्कशॉपच्या कोपऱ्यात दिसतात. टनावारी पाण्यासाठी बनलेलं रसायन ५०-६० लीटर पाण्याच्या इंजिनाला परवडतं का, झेपतं का, हे इथे पाहिलं आहे.

आधीच सांगतो, रसायन चांगलं आहे, घ्यावं. पण निट्राइट आणि क्लोराइड (पाण्यातला मिठाचा अंश) मोजायचं किट सोबत घेणार नसाल तर घेऊ नका. हे अतिशयोक्तीने म्हटलेलं नाही. कमी मात्रेतलं निट्राइट हे अजिबात नसण्यापेक्षा वाईट ठरू शकतं, आणि मोजल्याशिवाय मात्रा कमी झाल्याचं कळत नाही.

कारण असं. निट्राइट बिडाच्या आणि पोलादाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अगदी पातळ, घट्ट पापुद्रा तयार करतं. मात्रा पुरेशी असली की सगळा पृष्ठभाग झाकला जातो. मात्रा घसरली की पापुद्रा बहुतेक ठिकाणी टिकतो आणि थोड्या ठिकाणी फाटतो. मग गंजण्याची सगळी क्रिया त्या फाटलेल्या ठिपक्यांवर एकवटते. सगळीकडे सारखा गंज चढला असता तर लायनर बरीच वर्षं टिकला असता. तोच गंज टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत उतरला की आरपार जातो.

यात कॅव्हिटेशनची भर पडते. पिस्टन वर-खाली जाताना लायनरच्या एका बाजूवर आपटतो, लायनर घंटेसारखा थरथरतो आणि त्याच्या बाहेरच्या पाण्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा पापुद्र्याचा कण उडवतो. निट्राइट पुरेसं असेल तर तो कण लगेच पुन्हा भरून निघतो. काढलेला लायनर हातात घेऊन बघा. खड्डे सगळीकडे विखुरलेले नसतात. पिस्टनचा दाब येतो त्या बाजूला, वरून खाली एका उभ्या पट्ट्यात, सुईने टोचल्यासारखे ओळीने दिसतात. अशी ओळ दिसली तर दोष लायनरच्या मालाचा असण्याची शक्यता कमी, पाण्याचा असण्याची जास्त. खड्डे अजून उथळ असतील तर काही इंजिनांमध्ये तोच लायनर ९० अंशात फिरवून पुन्हा बसवतात. मात्र इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये तशी परवानगी असेल तरच.

प्रेशर कॅपचा, म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीवरच्या दाब धरणाऱ्या झाकणाचा, यात मोठा वाटा आहे आणि ती सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. सुमारे एक बारची कॅप नीट बसली असेल तर पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो आणि बुडबुडे कमी होतात. कॅपचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली झाली, किंवा 'गरम होतंय' म्हणून कुणी कॅप सैल ठेवली, तर उत्तम रसायन घालूनही लायनर खाल्ला जाईल. नवी कॅप रसायनाच्या कॅनपुढे किरकोळ किमतीची असते. ती आधी बदला.

आता पाण्याकडे येऊ. कुठलंही रसायन वाईट पाण्याला चांगलं करत नाही. इंजिनं बनवणारी कॅटरपिलर कंपनी आपल्या इंजिनांसाठी पाण्याची जी किमान प्रत मागतं ती अशी: क्लोराइड ४० मिलिग्रॅम प्रतिलीटरपेक्षा कमी, सल्फेट १०० पेक्षा कमी, एकूण कठीणपणा १७० पेक्षा कमी, एकूण विरघळलेले घन पदार्थ ३४० पेक्षा कमी, पीएच ५.५ ते ९. मोठ्या जहाजी इंजिनांसाठी क्लोराइडची मर्यादा साधारण ५० पीपीएम (पाण्यात म्हणजे तेवढेच मिलिग्रॅम प्रतिलीटर) धरतात, आणि रोकॉरसारख्या रसायनाच्या सूचनांमध्येही हाच आकडा असतो.

कोकणात याचा अर्थ नीट लावायला हवा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं, साबणाला फेस भरपूर येतो, म्हणून 'आमचं पाणी चांगलं' असा समज आहे. मऊ असल्यामुळे क्षारांचा खवला धरत नाही, हे खरं. पण ते बहुधा किंचित आम्लधर्मी असतं, आणि खाडीजवळच्या विहिरीत उन्हाळ्यात खारेपणा चढतो. जिभेला खारटपणा जाणवण्याच्या कितीतरी आधी क्लोराइडने ४०-५० चा आकडा ओलांडलेला असतो. चवीवर जाऊ नका. देशावरून, बोअरवेलच्या भागातून टँकरने आलेलं पाणी उलट बाजूने त्रास देतं. त्यातला कठीणपणा लायनरवर आणि हेडच्या बारीक वाटांमध्ये पांढरा खवला बसवतो. खवल्याची उष्णतावाहकता बिडाच्या तुलनेत अगदीच थोडी. तापमापक नेहमीचा आकडा दाखवत राहतो आणि धातू मात्र आतून तापत जातो.

म्हणून बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी घ्या. ६० लीटरला लागणारा खर्च एका हेड गॅस्केटच्या मजुरीपुढे नगण्य आहे. फक्त एक काळजी घ्या. शुद्ध पाणी रसायनाशिवाय इंजिनात फिरवू नका. त्यात पीएच धरून ठेवणारं काही नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पीएच साडेपाचच्या आसपास उतरतो आणि ते उघड्या बिडाला गंजवू लागतं. पाणी आणि रसायन एकाच दिवशी भरा.

मात्रा. रोकॉर एनबी लिक्विडची सुरुवातीची मात्रा १००० लीटर डिस्टिल्ड पाण्याला ९ लीटर अशी आहे, त्याने निट्राइट १००० पीपीएमला पोहोचतं. ही खालची हद्द. वरची हद्द २४०० पीपीएम. ६० लीटरच्या इंजिनाला १००० पीपीएमसाठी ५४० मिलिलीटर लागेल. आमच्या मते लहान इंजिनाला १५०० वर ठेवावं, म्हणजे साधारण ८१० मिलिलीटर. लहान पद्धतीत गळतीने मात्रा झपाट्याने उतरते, त्यासाठी हाताशी थोडी जास्तीची मात्रा हवी.

पण तुमच्या इंजिनात नेमकं ६० लीटर पाणी आहे हे कुणी मोजलं? मॅन्युअलमधला आकडा बहुधा इंजिनापुरता असतो. हीट एक्स्चेंजर (जिथे नळ्यांतलं समुद्राचं पाणी इंजिनाचं गोडं पाणी गार करतं), हेडर टाकी (वरची भरण्याची टाकी), कील कूलर असेल तर बोटीच्या तळाचे पाइप, हे सगळं वेगळं धरावं लागतं. सर्वांत सोपी रीत म्हणजे पूर्ण रिकामं करून मोजलेल्या कॅनने भरायचं आणि आकडा इंजिन रूममध्ये रंगाने लिहून ठेवायचा. भरताना सर्वांत वरचा एअर कॉक उघडा ठेवा, नाहीतर अडकलेली हवा आकडा चुकवेल. मग हिशेबाच्या तीन-चतुर्थांश रसायन बादलीभर त्याच पाण्यात मिसळून हेडर टाकीतून ओता, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन तापवा, आणखी तासभर चालवा, थंड करून तपासा. तीन-चतुर्थांशाने किती पीपीएम आलं हे कळलं की उरलेलं त्रैराशिकाने काढता येतं. दुसऱ्या कंपनीचं द्रव असलं तरी हीच रीत चालते. पूड वापरणार असाल तर एक आकडा ध्यानात ठेवा: शुद्ध सोडियम निट्राइटच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग निट्राइट असतो, म्हणून १००० पीपीएमसाठी लीटरमागे दीड ग्रॅम सोडियम निट्राइट लागतं. नुसतं सोडियम निट्राइट बाजारातून आणून घालण्याचा मोह मात्र टाळा. त्यात पीएच धरून ठेवणारं बोरेट नसतं आणि तांब्या-पितळेचं रक्षण करणारा घटकही नसतो.

जुनं इंजिन असेल तर रसायनाआधी आतली सफाई. तेल असेल तर आधी अल्कली क्लीनरने तेल काढायचं, मगच खवल्यासाठी इनहिबिटर (धातूला आम्लापासून जपणारा घटक) असलेलं सल्फॅमिक आम्ल. तेलकट खवल्यावर आम्ल चालत नाही. आम्लानंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने उदासीन करून दोनदा स्वच्छ पाण्याने फ्लश करा. ॲल्युमिनियमचे भाग असतील तर आम्ल नको. जुनं निट्राइटचं पाणी आत असताना आम्ल तर कदापि घालू नका, विषारी तपकिरी धूर निघतो आणि इंजिन रूम बंदिस्त असते. हे सगळं काम जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, बोट वर ओढलेली असताना करावं. हंगामात एवढा वेळ कुणालाच नसतो.

आता किट, म्हणजे या परीक्षणाचा गाभा. जहाजांसाठीच्या संचात गोळ्या असतात. निट्राइटसाठी नमुना पातळ करून आम्लाची गोळी टाकायची आणि मग दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या एकेक करून विरघळवत जायचं. प्रत्येक गोळीला गुलाबी रंग उमटतो आणि निट्राइट तो लगेच खाऊन टाकतं. ज्या गोळीला गुलाबी रंग मिनिटभर टिकतो तिथे थांबायचं, आणि गोळ्यांची संख्या किटवर दिलेल्या गुणकाने गुणायची. घाईत दहा सेकंदांच्या गुलाबीवर थांबलात तर आकडा कमी येतो आणि विनाकारण जास्त रसायन पडतं. क्लोराइडची चाचणीही अशीच: पिवळा रंग विटकरी तपकिरी होईपर्यंत गोळ्या. ही पिवळ्या बल्बखाली करू नका, बदल कळतच नाही. डेकवर उजेडात या.

पट्ट्यांची किटं स्वस्त आणि जलद आहेत, आठवड्याच्या नजरेसाठी ठीक. पण दमट हवेत पट्ट्यांची बाटली दोन-चार वेळा उघडी राहिली की त्या बाद होतात, आणि बाद झालेली पट्टीही काहीतरी रंग दाखवतेच. शिवाय बऱ्याच पट्ट्यांवर क्लोराइड नसतं. बोटीला क्लोराइड जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून आमची पसंती गोळ्यांच्या संचाला. नमुना हेडर टाकीतून घेऊ नका, तिथलं पाणी फिरत नाही. फिरत्या लाइनच्या कॉकमधून, आधी थोडं पाणी बादलीत सोडून, मग स्वच्छ बाटलीत घ्या आणि गार होऊ द्या. बादलीतलं पाणी परत टाकीत ओता, त्यातही रसायन आहे. आठवड्यातून एकदा पुरे. वहीत तारीख, निट्राइट, क्लोराइड, पीएच आणि किती लीटर पाणी वरून घातलं, एवढे आकडे लिहा.

ही वही बोलते. समुद्राच्या पाण्यात लीटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. म्हणजे चहाचा एक भरलेला पेला, १५० मिलिलीटर खारं पाणी, ६० लीटरच्या इंजिनात शिरलं तर क्लोराइड ४७-४८ पीपीएमने वाढतं. एका पेल्याने तुम्ही मर्यादेवर येता! पाण्याची पातळी वाढलेली दिसत नाही, चव लागत नाही, रंग बदलत नाही. फक्त किट सांगतं की हीट एक्स्चेंजरची एखादी नळी फुटते आहे. नळी बदलण्याच्या किंवा प्लग मारण्याच्या टप्प्यावर ते कळलं, तर किटचे पैसे एका फटक्यात वसूल.

निट्राइट घसरतंय, क्लोराइड जिथल्या तिथे, आणि दर दिवशी पाणी घालावं लागतंय, तर गोड्या बाजूची साधी गळती आहे. पंपाचा सील बघा, होज क्लिपा बघा. रोज दोन लीटर गळतंय आणि तेवढंच साधं पाणी भरताय असं धरलं, तर १५०० पीपीएमचे पंधरा दिवसांत ९०० होतात, म्हणजे धोक्याच्या हद्दीत. पाणी घालावं लागतंय पण निट्राइट टिकून आहे, तर पाणी वाफेने जातंय, कॅप बघा. निट्राइट आणि पीएच दोन्ही पडताहेत, हेडर टाकीत बुडबुडे येताहेत, तर हेड गॅस्केटमधून जळका वायू पाण्यात येतोय. आणि पाणी घालावं लागत नाही, गळती नाही, तरी निट्राइट गायब होतंय आणि पाण्याला कुजका वास किंवा पाइपात बुळबुळीत थर आहे, तर जिवाणू झालेत. काही जिवाणू निट्राइट खाऊन नायट्रेट करतात आणि नायट्रेट बिडाला काही उपयोगाचं नाही. अशा वेळी नुसतं रसायन ओतत राहणं म्हणजे त्यांना खाऊ घालणं. पाणी बदला, जिवाणू मारणारं बायोसाइड लागेल.

तोट्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पहिला, कॅनचा आकार. २५ लीटरचा कॅन ६० लीटरच्या एका बोटीला कित्येक हंगाम संपत नाही. चार-पाच नाखव्यांनी मिळून किंवा सोसायटीमार्फत घेतला तरच हिशेब बसतो. मुंबईत दारूखाना-माझगावकडे जहाजाच्या सामानाचे व्यापारी आहेत, तिथे चौकशी करता येते. सुटं, बिनलेबलचं 'जहाजाचं केमिकल' प्लास्टिकच्या बाटलीतून घेऊ नका, त्यात किती पाणी मिसळलंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

दुसरा, धातू. या पाण्याचा पीएच ८.३ ते १० मध्ये राहतो. बिडाला ते मानवतं, पण ९ च्या वर ॲल्युमिनियम झिजू लागतं. ॲल्युमिनियमचं हेड किंवा हाउसिंग असलेल्या इंजिनाला हे रसायन आम्ही सुचवणार नाही. गॅल्व्हनाइज्ड पाइप गोड्या पाण्याच्या लाइनमध्ये असतील तर काढा. त्यावरचं जस्त सुटून गाळ होतं. दुरुस्तीत पटकन जीआयचा तुकडा जोडण्याची सवय इथे नडते.

तिसरा, विष. सोडियम निट्राइट पोटात गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते, आणि त्याची पूड मिठासारखी दिसते. बोटीवर स्वयंपाक इंजिन रूमच्या डोक्यावरच होतो, म्हणून पूड टाळून द्रवच घ्या आणि भांडारापासून दूर, कुलपात ठेवा. हातमोजे वापरा. जुनं पाणी खाडीत सोडू नका, कॅनमध्ये भरून किनाऱ्यावर योग्य विल्हेवाटीसाठी द्या.

मग दुकानात सहज मिळणारं हिरवं-लाल कूलंट का नको? नको असं नाही. ५० टक्के ग्लायकोलचं मिश्रण उत्कलनबिंदू थोडा वाढवतं, पण उष्णता वाहून नेण्यात साध्या पाण्यापेक्षा मागे पडतं, आणि त्याचा मुख्य गुण गोठण्यापासून बचाव हा आहे. अरबी समुद्रात तो काय कामाचा? तरी ज्यांना किट वापरायचंच नाही, त्यांच्यासाठी चांगलं रेडीमिक्स कूलंट हाच बरा मार्ग. त्यात पाणी मिसळायचं नसतं आणि चूक होण्याची जागा कमी असते. घेताना डब्यावर एएसटीएम डी ६२१० हा हेवी ड्यूटी डिझेलचा उल्लेख शोधा. नुसतं डी ३३०६ म्हणजे मोटारगाडीचं. सेंद्रिय आम्लाचं, म्हणजे ओएटी कूलंट ॲल्युमिनियमला मानवतं आणि जास्त टिकतं. पण ते निट्राइटच्या पाण्यात मिसळू नका, आणि निट्राइटचं किट त्याला लावू नका. रंग सारखा म्हणून दोन डबे एकत्र करण्यात तर काहीच अर्थ नाही. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, रसायनाचा नव्हे.

शेवटी एक गैरसमज: हे रसायन खाऱ्या बाजूचं, म्हणजे समुद्राचं पाणी फिरतं त्या नळ्यांचंही रक्षण करतं. हे रसायन तिथे जात नाही, जाऊ शकत नाही. तिथलं काम झिंकच्या कांडीचं. ती निम्मी झिजली की बदला, पूर्ण संपायची वाट पाहू नका. प्लगच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, कांडीचा धातूशी विद्युत संपर्क तुटला तर ती नुसती शोभेची राहते. महिनोन् महिने अजिबात न झिजलेली कांडी दिसली तर आनंद मानू नका, संपर्क तपासा. खाऱ्या पाण्याचं बाहेर पडतानाचं तापमान ५० अंशांच्या खाली ठेवा, त्यापेक्षा जास्त झालं की क्षार नळ्यांत बसू लागतात. बंदरातलं साचलेलं, कुजक्या वासाचं पाणी तांब्याच्या नळ्यांना मोकळ्या समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त खातं, कारण त्यात सल्फाइड असतं. म्हणून बोट वर ओढण्यापूर्वी खारी बाजू गोड्या पाण्याने धुऊन, निथळून, कांडीचा प्लग उघडाच ठेवा आणि तो उघडा असल्याची चिठ्ठी स्टार्टरच्या बटणावर चिकटवा.